माळ्यावरचा उन्हाळा

९ फेब्रुवारी

उत्तरायण, म्हणजे संक्रांत, होऊन महिना होत आला, आज कुठे माळ्यावर चढायला सवड मिळाली. अकरा कौलं फुटलेली. पतंग काढायला गल्लीतली पोरं आमच्या छपराच्या उतरत्या पाखीवर चढतात. लहानपणी आम्हीही शेजाऱ्यांच्या चढायचो, त्यामुळे बोलायला तोंड नाही. आढ्यापाशी वाशाला हिरव्या मांजाचा गुंता लटकत होता, तो कापून काढला.

या नोंदी आईसाठी. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर लाकडी, तीन मजली. सगळ्यात वरच्या खोलीत देवघर, आणि देवघर जिथे तिथे आई. एप्रिल लागला की दुपारी एकच्या सुमाराला ती चटई गुंडाळून जिना उतरते, मधल्या मजल्यावर माझ्या खोलीत दारामागे पसरते आणि पाचला दिवाबत्तीसाठी परत वर जाते. गेल्या वर्षी तिसऱ्या पायरीवरून पाय सटकला. लागलं नाही, पण वय ७८ आहे. खाली राहायला ये म्हटलं तर ऐकत नाही. ए.सी. लावू म्हटलं तर म्हणते, "खोलीत दिवा तेवत असतो, दारं-खिडक्या बंद करून बसू होय?" या मुद्द्याला उत्तर नाही.

तेव्हा यंदा त्या खोलीवरच्या माळ्याचं काहीतरी करायचं, असं ठरलं.

खोली १४ बाय १८ फूट. वर सागवानी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, तिच्यावर माळा. आढ्याखाली उभं राहता येतं, कडेला रांगावं लागतं. पुढची पाखी मंगलोरी कौलांची. मागची आजोबांनंतर बाबांनी पत्र्याची करून घेतली, कारण दरवर्षी शाकारणीला, कौलं परतून बसवायला, माणसं मिळेनात. पत्र्याला आतून रेडऑक्साइड. दोन्ही त्रिकोणी भिंतींत एकेक झरोका. माळ्यावर पितळी घंगाळ, माझी तीनचाकी सायकल, दोन पाळणे आणि १९८० च्या दशकातले दिवाळी अंक. अंक खाली आणले, ते वाचण्यात उरलेला रविवार गेला.

१६ फेब्रुवारी

चार साधे डिजिटल थर्मामीटर आणि पृष्ठभागाचं तापमान सांगणारी एक इन्फ्रारेड गन घेतली. एक थर्मामीटर जिन्यात सावलीला, एक माळ्यावर, एक आईच्या खोलीत पलंगाच्या उंचीवर. चौथा सुटा ठेवला. आईने विचारलं, "ताप कोणाला आलाय?"

१२ मार्च

दुपारी अडीच. बाहेर सावलीत ३६. पत्रा आतून ५८, कौलं आतून ४७. माळ्यावरची हवा ४२. तक्तपोशी खोलीतून बघितली तर पत्र्याच्या बाजूला ४०, कौलांच्या बाजूला ३८.५. खोलीची हवा ३५.५, म्हणजे बाहेरपेक्षा जराशी कमीच! तरी खोलीत बसवत नाही. डोक्यावर कोणीतरी तवा धरलाय असं वाटतं.

कौलं आणि पत्रा यांत ११ अंशांचा फरक आहे. कौलाला जाडी आहे, शिवाय कौलाकौलांमधून वारा खेळतो. पत्र्याला यातलं काही नाही. बाबांनी शाकारणीचे पैसे वाचवले, त्याची फेड आई दुपारी जिना उतरून करते आहे. हे वाक्य तिला दाखवायचं नाही.

२३ मार्च

दोन आठवडे माहिती गोळा केली. चार जणांनी चार गोष्टी गळ्यात मारायचा प्रयत्न केला.

पहिला, पफचा, म्हणजे पॉलियुरेथेन फेसाचा फवारा. ठेकेदार घरी येऊन बघून गेला. कौलं आणि पत्रा आतून फेसाने लिंपून टाकायचे, सगळं सीलबंद. गुणधर्मात पफला तोड नाही: उष्णतावाहकता ०.०२५ च्या आसपास, म्हणजे कापसासारख्या कुठल्याही लोकरीपेक्षा कमी जाडीत काम होतं. पण कौलारू छपराला फेस चिकटवला की शाकारणी संपली. एक कौल बदलायचं तर खालचा फेस खरवडायचा. गळती कुठे आहे ते कळणार नाही, वासा आतल्या आत कुजेल, वाळवी लागली तरी दिसणार नाही. शिवाय पफ जळतो आणि त्याचा धूर विषारी. शंभर वर्षांच्या लाकडात ते नको.

दुसरा, थर्मोकोल. स्वस्त, हलका. पण ८० अंशांच्या आसपास तो मऊ पडायला लागतो, आणि मे महिन्यात आमचा पत्रा त्याच्या शेजारीच जाऊन बसतो. आगीचा प्रश्न तोच.

तिसरा ग्लासवूल, म्हणजे काचेची लोकर, चौथा रॉकवूल, म्हणजे दगडाची. दोन्हींची वाहकता ०.०३५ ते ०.०४. दोन्ही स्वतः जळत नाहीत, पण रॉकवूल हजार अंशांपर्यंत टिकतं, ग्लासवूल त्याच्या बरंच आधी वितळतं. दोन्हीने अंगाला खाज सुटते. मन रॉकवूलकडे झुकलं.

आता जाडी. अमेरिकेतले लोक माळ्यासाठी आर-३०, आर-३८ असले आकडे सांगतात; आर म्हणजे उष्णतेला होणारा रोध. ते त्यांच्या एककात. आर-३० म्हणजे आपल्या मेट्रिक हिशोबात ५.३, त्यासाठी रॉकवूलचा वीतभर थर लागेल. ते आकडे बर्फात घर गरम ठेवणाऱ्यांसाठीही आहेत, आमच्याकडे तर आत हीटरही नाही आणि ए.सी.ही नाही. आपल्याकडच्या २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत, घराच्या छपरातून जाणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला अंशामागे १.२ वॅट अशी घातली आहे. तिथून गणित मांडलं. नुसती तक्तपोशी आणि तिच्या वरखालचे हवेचे थर मिळून रोध ०.४७ च्या आसपास. तिच्यावर ५० मिमी रॉकवूल टाकलं की १.७२, म्हणजे पूर्वीच्या २७ टक्के उष्णता खाली येणार आणि संहितेतल्या १.२ शी ताडायचा आकडा ०.५८ वर. १०० मिमी टाकलं तर १६ टक्के. पहिल्या दोन इंचांनी जवळपास तीन चतुर्थांश काम केलं, पुढच्या दोन इंचांना दाम तेवढाच आणि काम अकरा टक्के. ५० मिमी ठरलं.

मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, आना करतां ए.सी. नखावी दो ने." म्हणजे, यापेक्षा ए.सी. बसवून घ्या ना.

३० मार्च, पाडवा

काका जेवायला आले होते. कलाभवनात, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, पोरांना उष्णतेचं शास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. श्रीखंड-पुरी झाल्यावर मी त्यांना माझा कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, आकडेमोड तपासली, चूक काढली नाही. मग म्हणाले, "जाडीचं नंतर बघू. तक्तपोशीला तापवतंय कोण, ते बघितलंस का?"

मी म्हटलं, माळ्यावरची गरम हवा.

"चल वर."

अडीच वाजता, भरल्या पोटी, ७४ वर्षांचा माणूस शिडी चढला. आई खालून ओरडत होती. वर जाताना काकांनी पंगतीतलं एक रिकामं, धुतलेलं स्टीलचं ताट सोबत घेतलं होतं. पत्र्याखाली जाऊन उभे राहिले. काकांच्या डोक्यावर केस नाहीत. मिनिटभर तसेच उभे राहिले, मग ताट डोक्यावर वीतभर उंचीवर धरलं.

"गेलं," म्हणाले. ताट बाजूला केलं. "आलं." परत धरलं. "गेलं. तू कर."

मी केलं. ताट डोक्यावर आलं की टाळूवरची भाजणी त्या क्षणी थांबते. बाजूला केलं की त्या क्षणी सुरू. घाम तोच, हवा तीच, श्वास तसाच कोंडलेला.

"हवा बदलली का? नाही ना? मग जे अडलं ते काय?"

पत्र्याची किरणं अडली. गरम हवा वर चढते, माळ्याच्या आढ्याला चिकटून बसते, ती खाली तक्तपोशीपर्यंत फारशी येतच नाही. पत्रा तक्तपोशीला समोरासमोर भाजतो, शेगडीसमोर बसल्यावर चेहरा भाजतो तसा. काकांनी दिवाळी अंकाच्या मागच्या पानावर हिशोब केला: ६५ अंशांचा पत्रा आणि ४५ अंशांचं लाकूड समोरासमोर असलं तर चौरस मीटरला १३० वॅट. मधे चकचकीत ॲल्युमिनियम धरलं तर आठ-दहा वॅट. ॲल्युमिनियम फॉइल वर आलेल्या किरणांतले पंचाण्णव टक्के परतवतं, आणि स्वतः तापलं तरी खालच्या बाजूला किरणं जवळजवळ टाकत नाही. ही दुसरी गोष्ट मला माहीत नव्हती.

खाली उतरल्यावर आईने ताट उलटंपालटं करून बघितलं आणि पुन्हा घासायला टाकलं.

६ एप्रिल

काकांवर विश्वास आहे, तरी खात्री करून घेतली. ऑफिसातल्या एकाकडून एक्झॉस्ट फॅन उसना आणला आणि मागच्या झरोक्यात बसवला. बाहेर ४०.

फॅन बंद: पत्रा ६४, माळ्यावरची हवा ४६, पत्र्याखालची तक्तपोशी वरून ५०.

फॅन चालू, दीड तासाने: हवा ४३, तक्तपोशी ४८.५.

पहिल्याच ओळीत उत्तर होतं. लाकूड हवेपेक्षा चार अंश जास्त गरम आहे. हवा लाकडाला तापवत असती तर लाकूड हवेच्या पुढे कसं गेलं असतं? फॅनने हवा तीन अंश उतरवली, लाकूड दीडच उतरलं. फॅन परत केला.

कबुतरांचा त्रास नको म्हणून मी गेल्या महिन्यात दोन्ही झरोक्यांना प्लायवूड ठोकलं होतं. तेही आज काढलं, जाळी लावली. फॅन लागणार नाही, पण वारा कोंडून ठेवण्यातही शहाणपण नव्हतं.

१३ एप्रिल

फॉइलच्या आधी वीज. माळ्यावरची वायरिंग लाकडी पट्टीवरची, बाबांच्या लग्नाच्याही आधीची. काही ठिकाणी कापडी आवरणाला बोट लावलं की भुगा होतो. फॉइल म्हणजे धातूची चादर, आणि ती लोखंडी पिनांनी वाशाला ठोकायची. एक पिन वायरीत घुसली की अख्खी चादर जिवंत. ऑस्ट्रेलियात २००९-१० मध्ये सरकारी योजनेतून घराघरांच्या माळ्यांवर असं काम घाईघाईत झालं. चार कामगार मेले, तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक माळ्यावरच्या उष्म्याने. त्यानंतर तिथे त्या योजनेत फॉइल बंदच केलं.

चौथा माणूस उष्म्याने गेला हे वाचून कामाची वेळ ठरवली. सकाळी सहा ते नऊ. नऊनंतर माळ्यावर कोणी नाही, मीही नाही.

जुनी वायरिंग पूर्ण काढली. नवी पाइपातून, वाशांपासून लांब, भिंतीच्या कडेने नेली. मजल्याला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. या सगळ्या कामात सर्वांत महाग हेच पडलं.

१७ एप्रिल

कौलांची शाकारणी. जुनी उतरवली, झाडली, पुन्हा बसवली, फुटकी बदलली. शाकारणारा सत्तरीचा आहे, मुलगा मोबाइल दुरुस्तीत. असली कौलं बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला करायला घेतली, तेव्हापासूनच नाव मंगलोरी. पण आमच्या कौलांच्या पोटावरचा ठसा इतका झिजलाय की कुठल्या कारखान्याची ते वाचता येत नाही.

पत्र्याला बाहेरून उष्णता परतवणारा पांढरा रंग, दोन हात. हे मला आधीच सुचायला हवं होतं. गुजरातेत सगळ्यांच्या अगाशीवर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझेक असतं, ते काय नुसतं शोभेला? अहमदाबादेत २०१७ पासून वस्त्यांमधली छपरं चुन्याने पांढरी करण्याची मोहीमच निघाली. रंग वाळल्यावर, बाहेर ४०.५ असताना, पत्रा आतून ५२. आधी ६४ होता. बारा अंश, दोन डबे रंगात. पण रंगावर धूळ बसते, शेवाळ येतं, माकडं नाचतात. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागेल. म्हणून फॉइलही हवंच.

कौलांना रंग दिला नाही. मिस्त्री द्या म्हणत होता. पुढच्या बाजूने घर लाल दिसायला हवं, यावर घरात एकमत आहे. एरवी कशावरच नसतं.

२० एप्रिल

फॉइल, फक्त पत्र्याच्या पाखीला. वाशांच्या खालच्या कडेला ताणून ठोकलं, म्हणजे पत्रा आणि फॉइल यांच्यात वाशाएवढी, चार इंचांची पोकळी राहिली. ही पोकळी नसेल तर फॉइल पत्र्याला चिकटून नुसतं गरम होतं, उपयोग शून्य. खाली वळचणीला आणि वर आढ्याला तीन-तीन बोटं उघडं ठेवलं, पोकळीतली तापलेली हवा वरून निघून जावी म्हणून. काही लोक फॉइल तक्तपोशीवर आडवं पसरतात. ते सोपं आहे, पण सहा महिन्यांत त्यावर धूळ बसते आणि धूळ बसलेलं फॉइल म्हणजे साधा कागद. खाली तोंड केलेल्या फॉइलवर धूळ बसत नाही.

कौलांच्या बाजूला मुद्दाम लावलं नाही. कौलं खालून दिसायला हवीत.

दुपारी नियम मोडून पाच मिनिटं वर गेलो, गन फॉइलवर रोखली. ३९! बाहेर ४१ असताना. मी एकदम खूष. काकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, आरशात बघून स्वतःचा ताप मोजलास तू." गन किरणं वाचते, आणि फॉइल स्वतःची किरणं जवळजवळ टाकतच नाही, समोरच्या तक्तपोशीची परत पाठवतं. मी लाकडाचंच तापमान वाचत होतो. त्यांच्या सांगण्यावरून वायरीला गुंडाळायची काळी टेप बोटभर कापून फॉइलवर चिकटवली, दोन मिनिटं थांबलो, गन टेपवर धरली. ४८. टेपच्या शेजारी पुन्हा ३९. एकाच फॉइलवर, अर्ध्या इंचाच्या अंतरात. टेपचा तुकडा तिथेच राहू दिला.

२४ एप्रिल

रॉकवूलची खरेदी. एकाने निम्म्या भावात द्यायची तयारी दाखवली. गावाबाहेरच्या गोदामात गेलो. गठ्ठे रचलेले, वरचे कोरे. मी खालचा ओढायला लावला. प्लॅस्टिकच्या आत कोपऱ्यात तपकिरी रेघ, सरळ, पट्टीने मारल्यासारखी. गेल्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांच्या भिंतींवर अशीच रेघ होती. सांगायची गरज पडली नाही, त्यानेही विचारलं नाही. भिजून दबलेलं रॉकवूल वाळलं तरी त्याची जाडी परत येईलच असं नाही, आणि पैसे आपण जाडीचेच देतो.

दुसरीकडून पूर्ण भावात घेतलं: ५० मिमी, घनमीटरला ४८ किलो, आयएस ८१८३ या भारतीय मानकाचा छाप, एका बाजूला ग्लासक्लॉथ, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड.

२७ एप्रिल

तक्तपोशीवर रॉकवूल अंथरलं. पूर्ण खोलीवर, दोन्ही पाख्यांखाली. तक्त्यांच्या फटींतून धूळ खाली देवघरात पडते, म्हणून आधी ग्लासक्लॉथचा एक थर. आईने त्यासाठी जुन्या साड्या काढून दिल्या होत्या. लाकडी माळ्यावर सुती कापड नको म्हणून परत केल्या, तर म्हणाली, "मग गोधडी शिवते." हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनही मनगटं दोन दिवस खाजत होती. गार पाण्याने धुवावं, गरमने खाज वाढते.

रॉकवूलच्या लाद्या एकमेकींना दाबून बसवल्या. एक बोट फट राहिली तरी उष्णता तिथूनच वाट काढते. माळ्यावर चालायला मधोमध एक फळी टाकली, नाहीतर कोणीतरी लाद्या तुडवणार.

७ मे

काल संध्याकाळी वादळ आणि वळीव. दोन कौलं सरकली. रात्रीच टॉर्च घेऊन वर गेलो: थेंब नेमका एका लादीच्या मधोमध. कौलं उघडी ठेवल्याचा फायदा असा की कुठून गळतंय ते खाली उभं राहून दिसलं. लादी उचलली, पाण्याने चांगली जड झाली होती. सकाळी अगाशीवर उभी करून ठेवली. दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत, पट्टी लावून बघितली, जाडी तेवढीच. शाकारणारा येऊन दोन्ही कौलं बसवून गेला, पैसे घेतले नाहीत.

१९ मे

दुपारी तीन. बाहेर ४२. पत्रा ५३, तक्तपोशी खोलीतून ३७.५, सगळीकडे सारखी, पत्र्याची बाजू आणि कौलांची बाजू ओळखू येत नाही. खोलीची हवा ३७.

३७ म्हणजे गार नव्हे. बाहेर ४२ आणि भिंती एका विटेच्या, खोली गार कशी होईल? या कामाने खोलीचं महाबळेश्वर होत नाही, डोक्यावरचा तवा तेवढा उतरतो. रात्री आता एक नवी सवय लागली आहे: साडेआठला सगळ्या खिडक्या उघडायच्या, सकाळी आठला बंद. वर लोकर आहे, आत आलेली उष्णता वरून निघून जाणार नाही, ती खिडकीतूनच काढावी लागते. पहिल्या आठवड्यात हे लक्षात आलं नाही आणि रात्री दहाला खोली गेल्या वर्षीइतकीच कोंदट होती.

एकूण खर्च ४६ हजारांच्या आत. त्यात वायरिंग १४.

चटई अजून खाली आलेली नाही. मुद्दाम विचारलं नाही. आज चार वाजता चहा द्यायला वर गेलो तर आई पलंगावर आडवी, पंखा दोनवर. म्हणाली, "कबुतरं जाळीवर नखं घासतात, झोपमोड होते. त्याचं काहीतरी कर."

२२ जून

आठवडाभर पाऊस. सकाळी वर जाऊन प्रत्येक लादीखाली हात घातला. कोरड्या. फॉइलवर तिसऱ्या वाशाजवळ पाण्याचा एक ओघळ, पत्र्याच्या खिळ्याच्या वायसरमधून आलेला. पेन्सिलने गोल केला, तारीख टाकली. खाली येऊन आईला सांगितलं, तिसऱ्या वाशापाशी थोडं झिरपतंय.

"तिथे रोज ते मोठं वानर येऊन बसतं," ती म्हणाली. "पांढरा रंग दिल्यापासून. पूर्वी बसायचं नाही, बूड भाजायचं त्याचं."